बिलात न लिहिलेला हिशेब



आपल्या घरी दर महिन्याला विजेचे बिल येते. घरातील मोठी माणसे त्यावरचा शेवटचा आकडा पाहतात, थोडी कुरकुर करतात आणि मुदतीच्या आत पैसे भरून टाकतात. एखाद्या दिवशी ते बिल तुम्ही स्वतः हातात घ्या आणि नीट वाचा. मराठी वाचनाचा तो एक चांगला सराव आहे. किती युनिट वीज वापरली, स्थिर आकार किती, वीज आकार किती, वहन आकार किती, वीज शुल्क किती, हे सारे त्यावर रुपया-पैशांत छापलेले असते.

परंतु काही गोष्टी त्या बिलावर कधीच नसतात. ही वीज कोठून आली? ती तयार होताना कोणाच्या गावावर राख पडली? कोणाची जमीन गेली? तिचा फायदा कोणाला जास्त मिळाला आणि कोणाला कमी? आज मला तुमच्याशी या न लिहिलेल्या हिशेबाविषयी बोलायचे आहे. सूर्य आणि वारा यांच्यापासून मिळणाऱ्या विजेकडे आपल्या देशाने वळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण वळताना हा हिशेबही मांडला पाहिजे, हे माझे दुसरे मत आहे आणि तेही तितकेच ठाम आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. मराठीतील 'ऊर्जा' म्हणजे उर्दूतील 'तवानाई'. दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचे साठे जमिनीच्या पोटात तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली. ते एकदा जळून गेले की आपल्या हयातीत पुन्हा तयार होणार नाहीत. सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, शेण, शेतातील काडीकचरा यांचे तसे नाही. आजचे ऊन वापरले म्हणून उद्याचे ऊन कमी होत नाही. म्हणून या साधनांपासून मिळणाऱ्या ऊर्जेला नवीकरणीय किंवा अक्षय ऊर्जा म्हणतात.

पूर्वी हिलाच 'अपारंपरिक ऊर्जा' म्हणत असत. केंद्र सरकारने १९८२ साली या कामासाठी वेगळा विभाग काढला. १९९२ साली त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले. तेव्हा त्याच्या नावात 'अपारंपरिक' हाच शब्द होता. २००६ साली नाव बदलले आणि 'नवीकरणीय' हा शब्द आला. खरे पाहता ऊन आणि वारा यांच्याइतके परंपरेचे दुसरे काय आहे? आपल्या आजी उन्हातच पापड आणि कुरडया वाळवत आल्या. कोकणच्या किनाऱ्यावरील गलबते शिडात वारा भरूनच दूरच्या बंदरांत जात. नवे आहे ते एवढेच, की त्याच उन्हापासून आणि वाऱ्यापासून आता आपण वीज तयार करतो.

सध्या आपली बरीचशी वीज कोळशापासून येते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, नाशिकजवळचे एकलहरे ही महाराष्ट्रातील औष्णिक वीज केंद्रांची ठिकाणे आहेत. नकाशात ती शोधून काढा. त्यांपैकी चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. त्या वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज निघते. आपल्या घरातील एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाणही मोठे आहे. बहुतेक ठिकाणी ते ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे शंभर किलो कोळसा जाळला, की तीस-चाळीस किलो राख मागे उरते. त्यातली काही राख सिमेंट आणि विटा यांच्या कामी येते. उरलेली राख तळ्यांत साठवावी लागते. उन्हाळ्यात वारा सुटला की ती आसपासच्या शेतांवर, विहिरींवर आणि घरांवर उडते.

मुंबईत किंवा पुण्यात बसून आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. राख मात्र वीज केंद्राच्या शेजारच्या गावात पडते. त्या गावातील माणसाचा खोकला आपल्या बिलात लिहिलेला नसतो. हवेत साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीचे तापमान वाढते, पावसाचे वेळापत्रक बिघडते, कधी दुष्काळ पडतो तर कधी एका दिवसात महिन्याचा पाऊस कोसळतो. त्याचे नुकसान सोसणारा शेतकरीही आपल्या बिलात नसतो. कोळशाची वीज स्वस्त आहे असे आपण म्हणतो, कारण तिची बरीच किंमत दुसरेच कोणी भरत असतात.

यावर कोणी म्हणेल, "सर, कोळशानेच तर आपले कारखाने चालले, घरोघर दिवे लागले." हे खरे आहे आणि ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. 'गरज सरो, वैद्य मरो' अशी एक म्हण मराठीत आहे. गरज संपली की उपकार करणाऱ्याला विसरून जायचे, असा तिचा अर्थ. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील खाणींत ज्या मजुरांनी आयुष्य घातले, त्यांच्या बाबतीत आपण असे वागता कामा नये. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता उन्हापासून वीज कशी होते ते पाहू. सूर्याचा प्रकाश सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. सोलर पॅनेलमध्ये सिलिकॉन या पदार्थाच्या पातळ चकत्या असतात. वाळूमध्ये जे मूलद्रव्य असते तेच हे सिलिकॉन. प्रकाश पडला की या चकत्यांतील इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि वीजप्रवाह सुरू होतो. प्रकाशाने वीज निर्माण होऊ शकते हे फ्रान्समधील बेकरेल या शास्त्रज्ञाने १८३९ साली पाहिले होते. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. तो आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के प्रकाशाचीच वीज करू शकत असे. आजची चांगली पॅनेल २० टक्क्यांहून अधिक प्रकाशाची वीज करतात. ना धूर, ना राख, ना खडखडाट.

वाऱ्याची गोष्टही अशीच आहे. १९८६ साली महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडू यांच्या किनारी भागांत ५५ किलोवॉटच्या छोट्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आज दोन-अडीच मेगावॉटची एकच पवनचक्की त्या जुन्या चाळीस चक्क्यांचे काम करते. सातारा जिल्ह्यात वनकुसवडेच्या पठारावर गेलात तर ओळीने फिरणारी पाती दिसतील. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, तेच ऊन तेथे पीक म्हणून कापले जाते.

हे सारे ऐकून काही मुले म्हणतात, "मग सौर वीज फुकटच की!" मित्रांनो, या 'फुकट' शब्दापासून सावध राहा. ऊन फुकट आहे, वीज फुकट नाही. पॅनेल विकत घ्यावे लागते, ते बसवायला जागा लागते, तारा लागतात, ते पुसायला माणूस लागतो. पॅनेल साधारण पंचवीस वर्षे टिकते. त्यानंतर त्याचा कचरा होतो. ई-कचऱ्याविषयी केंद्र सरकारने २०२२ साली जे नवे नियम केले, त्यांत सौर पॅनेलचाही समावेश केला. ही चांगली गोष्ट आहे. पण नियम कागदावरून गावापर्यंत पोहोचावा लागतो.

जमिनीचा प्रश्न तर याहून मोठा आहे. जमिनीवर एक मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. म्हणजे शंभर मेगावॉटला चारशे ते पाचशे एकर. ही जमीन पडीक आहे असे कागदावर लिहिलेले असते. पण गावाकडे पडीक जमीन खरोखर रिकामी नसते. तेथे कोणाच्या शेळ्या चरतात, कोणी सरपण गोळा करतो, कोणाची पायवाट जाते. कागदावर त्यांचे नाव नसते, म्हणून त्यांना मोबदलाही मिळत नाही.

ही भीती उगाच नाही. महाराष्ट्राने हे एकदा पाहिले आहे. पाण्यापासून होणाऱ्या विजेलाही धूर नसतो. टाटांच्या कंपनीने खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू केले आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे पुणे जिल्ह्यात मुळशी येथे धरण बांधायचे ठरले. त्यात मावळातील शेतकऱ्यांची गावे आणि भातशेती बुडणार होती. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि याच लढ्यामुळे लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. सत्याग्रही तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे वीज तयार होऊ लागली. मुंबई उजळली, मावळातील गावे पाण्याखाली गेली. पुढे कोयनेचे धरण झाले. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि महाराष्ट्राच्या उद्योगांना त्याचा फार मोठा आधार मिळाला. पण तेथून उठलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला.

म्हणजे मुळशी किंवा कोयना येथे धरण नको होते, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की वीज स्वच्छ असली म्हणून व्यवहारही आपोआप स्वच्छ होत नाही. धुराचा डाग नसला तरी अन्यायाचा डाग राहू शकतो. सूर्याची वीज आपण शंभर वर्षांनंतर आणत आहोत. तेव्हाच्या चुका आता तरी पुन्हा होऊ नयेत. ज्या गावाची जमीन घ्यायची, त्या गावाला आधी विचारावे. जमीन कायमची घेण्याऐवजी भाड्याने घ्यावी. तयार झालेल्या विजेचा काही वाटा त्या गावाला द्यावा. धरणाच्या काठावरचे गाव तहानलेले आणि वीज केंद्राशेजारची वस्ती अंधारात, हे चित्र आपण बदलले पाहिजे.

आणखी एक शंका हुशार मुले हमखास विचारतात. "रात्री सूर्य नसतो, मग वीज कोठून आणायची?" शंका रास्त आहे. आपल्या देशाने एक मोठा टप्पा गाठला आहे. २०२५ च्या मध्यास भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल आणि वायू यांच्याशिवायच्या साधनांची झाली. परंतु क्षमता आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज यांत फरक आहे. सोलर पॅनेल रात्री झोपते आणि कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालते. म्हणून २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या वरच होता. वर्तमानपत्रात असा आकडा वाचाल तेव्हा तो क्षमतेचा आहे की प्रत्यक्ष विजेचा, हे आधी पाहत जा.

यावर उपाय आहेत. एक उपाय बॅटरीचा. दुसरा उपाय आपल्या सह्याद्रीतच पाहायला मिळतो. भंडारदऱ्याजवळ घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. तो २००८ साली सुरू झाला. तेथे एक तलाव वर आहे आणि एक खाली. वीज मुबलक असते तेव्हा पंपाने खालचे पाणी वर चढवतात. विजेची टंचाई भासते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात. जणू पाण्याच्या रूपाने वीज माळ्यावर ठेवलेली असते. शिवाय निसर्गानेही थोडी सोय केली आहे. पावसाळ्यात ऊन कमी पडते, पण त्याच दिवसांत सह्याद्रीवर वारा जोराने वाहतो आणि धरणे भरतात. ऊन, वारा आणि पाणी यांची नीट सांगड घातली, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे काम एका दिवसात होणार नाही, पण होण्यासारखे आहे.

आता या हिशेबातला सर्वांत जवळचा भाग. तुमच्यापैकी कित्येक जण भिवंडी, मालेगाव किंवा धुळे येथे राहत असाल. यंत्रमागाचा खडखडाट तुमच्या ओळखीचा असेल. मागावरच्या कारागिराला बहुधा जेवढे कापड निघेल तेवढीच मजुरी मिळते. वीज गेली की माग थांबतो आणि माग थांबला की मजुरीही थांबते. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात रोजचे भारनियमन होते, तेव्हा अंधारात बसून विजेची वाट पाहणे म्हणजे काय, हे या गावांनी चांगलेच अनुभवले. म्हणून स्वस्त आणि खात्रीची वीज हा यंत्रमागाच्या गावात हौसेचा विषय नसून भाकरीचा विषय आहे.

मग मागाच्या पत्र्यावर सोलर बसवले की काम झाले का? आपण ढोबळ हिशेब करू. एका मागाची मोटार एक अश्वशक्तीची धरली, तर ती सुमारे पाऊण किलोवॉट वीज घेते. दहा तास माग चालला तर साडेसात युनिट झाले. एक किलोवॉटचे सोलर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते आणि त्याला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते. म्हणजे एका मागासाठी जवळजवळ दोन किलोवॉटचे पॅनेल आणि वीस चौरस मीटर छत हवे. तुमच्या ओळखीच्या कारखान्याचे छत मोजा, त्याखालचे माग मोजा आणि स्वतः भागाकार करून पाहा. शिवाय माग रात्रीही चालतात. म्हणून केवळ छतावरच्या विजेवर सारे माग चालणार नाहीत. पण दिवसाचे बिल बरेच हलके होऊ शकते. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या यंत्रमाग योजनेत सौर ऊर्जेसाठी साहाय्य ठेवलेही होते. अडचण अशी, की ज्याचा कारखाना भाड्याच्या जागेत आहे आणि ज्याच्याजवळ गुंतवायला भांडवल नाही, त्याला अशा योजनेचा लाभ घेणे अवघड जाते.

घरांच्या बाबतीतही असेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवण्याची योजना सुरू केली. तीत दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान ठरवले. योजना चांगली आहे. पण तिचा लाभ घ्यायला आधी स्वतःचे छत असावे लागते. चाळीत, झोपडपट्टीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने छत कोठून आणायचे? ज्याच्या घरावर गच्ची आहे त्याचे बिल शून्यावर आले आणि ज्याला गच्चीच नाही त्याचे बिल वाढतच राहिले, तर हा बदल अर्धवट म्हटला पाहिजे.

यालाही मार्ग आहे. एखाद्या शाळेच्या, बाजाराच्या किंवा नगरपालिकेच्या इमारतीवर मोठा सौर संच बसवायचा आणि त्यातून निघालेले युनिट अनेक कुटुंबांच्या बिलांत वाटून वजा करायचे. दिल्लीत अशा वाटणीचे नियम २०१९ साली झाले. मला वाटते, आपल्या राज्यातील प्रत्येक दाट वस्तीच्या शहरात ही सोय सहजपणे मिळाली पाहिजे. शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्राने अशा प्रकारचे पाऊल टाकले आहे. कृषिपंपांना बराच काळ आठवड्यातील काही दिवस रात्रीच वीज मिळत आली. साप-विंचवाच्या भीतीने, थंडीत कुडकुडत शेतकरी रात्री पाणी द्यायला जात. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून त्यांना दिवसा वीज द्यावी, यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथून तिची सुरुवात झाली. शेतकऱ्याला दिवसाची वीज हवी होती आणि सूर्य दिवसाच काम करतो. गरज आणि साधन यांचा असा मेळ बसला, की योजना लोकांना आपली वाटते. यंत्रमाग कारागिरासाठी आणि भाडेकरूसाठीही असाच मेळ शोधला पाहिजे.

खाणीतील मजुरांचा मुद्दा राहिला. कोळशाचा वापर हळूहळू कमी झाला, तर त्यांच्या मुलांनी काय करायचे? नवे कारखाने, नवे प्रशिक्षण आणि नवी नोकरी यांची तजवीज आधी व्हावी, मग खाणी बंद कराव्यात. हा क्रम उलटा झाला तर चांगल्या कामातूनही गरिबाचे घर उद्ध्वस्त होईल.

तुमच्यासाठीही यात संधी आहे. सोलर बसवणारा, त्याची जोडणी करणारा, बिघाड शोधणारा तंत्रज्ञ आज गावोगाव लागतो. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये शिकता येतो. सौर तंत्रज्ञांसाठी 'सूर्यमित्र' नावाचे सरकारी प्रशिक्षणही २०१५ पासून दिले जाऊ लागले. या संस्थांतील अर्ज, सूचना आणि व्यवहार बहुतेक मराठीत किंवा इंग्रजीत असतात. म्हणून मराठीचा तास हा केवळ गुणांसाठी आहे असे समजू नका. आपल्या हक्काची योजना आपल्याला वाचता आली नाही, तर ती आपल्या दारावरून निघून जाते. ही गोष्ट मुलांइतकीच मुलींनाही सांगतो. पॅनेलच्या तारा जोडायला ताकदीपेक्षा नेमकेपणा अधिक लागतो आणि तो आपल्या मुलींकडे भरपूर आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या हिशेबाकडे येऊ. मराठीत एक म्हण आहे, 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.' एकाने मेहनत करायची आणि तिचे फळ दुसऱ्यानेच खायचे, असा तिचा अर्थ. नव्या नव्या साधनांनी वीज तयार करायची आणि रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवायचा, म्हणजे मेहनत आपली आणि पीठ खाणारा रिकाम्या खोलीतला पंखा. साठ वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला नऊ युनिट लागतात. नऊ वॉटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. पंच्याहत्तर वॉटचा जुना पंखा रोज पंधरा तास फिरला, तर महिन्याला सुमारे चौतीस युनिट होतात. तीस वॉटच्या नव्या पंख्याला साडेतेराच पुरतात. वाचवलेल्या प्रत्येक युनिटाला ना कोळसा लागतो, ना जमीन, ना पॅनेल.

पण येथेही न्याय हवा. ज्याच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा आहे, त्याला काटकसरीचे धडे देऊ नयेत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हा उपदेश आधी त्यांना करावा, ज्यांचे अंथरूण फार मोठे आहे. ज्या दुकानांत रात्रभर रिकाम्या दालनांत दिवे झगमगतात, ज्या कचेऱ्यांत पंखे माणसांशिवाय फिरतात, काटकसर तेथून सुरू झाली पाहिजे.

भारताने २०२१ साली ग्लासगो येथील जागतिक परिषदेत जाहीर केले, की २०७० पर्यंत आपण हवेत सोडलेला आणि हवेतून काढून घेतलेला कार्बन यांचा हिशेब शून्यावर आणू. तेव्हा तुम्ही साठीच्या आसपास असाल. म्हणजे हे वचन दिले कोणी, तरी पाळायचे आहे तुम्हांला. तुमच्यातला कोणी इंजिनिअर होईल, कोणी नगरसेवक, कोणी कारखानदार, कोणी वीजतंत्री, कोणी शिक्षक. तुमच्या गावात सौर प्रकल्प येईल तेव्हा स्वागताच्या हारतुऱ्यांत तुम्हीही सामील व्हा. पण सभा संपण्याआधी उभे राहून विचारा, की जमीन कोणाची घेतली, त्याला काय दिले, वीज कोणाला मिळणार आणि पंचवीस वर्षांनंतर हा कचरा कोण उचलणार. उत्तर नीट मिळेपर्यंत खाली बसू नका.